वन ग्रामच्या माळा: बाजारातलं दुकान कसं वाटलं
महालक्ष्म्यांच्या सणासाठी वन ग्रामचे, म्हंजे सोन्याचं पाणी देल्ले डागिने पाह्यले दर्यापूरच्या बाजारात. दुकान लहान हाये पण दुकानवाल्या बाईले समजते, तिनं तीन माळा सोबत घालूनच दाखवल्या, गळ्याले घट्ट ठुशी, मंग 18 इंची बोरमाळ आन खाली 30 इंची मोहनमाळ, मधात चार बोटं तरी जागा सोडाची नाहीतर एकमेकीत गुतून बसते. पदक एकाच माळेले. मंगळसूत्र लांब असन तर मोहनमाळ राहूच द्या, गर्दी होते, आन ब्लाउज भरजरी असन तर नुसती ठुशीच बरी.

बांगड्यांचं मात्र तिचं पटलं नाही मले. हिरव्या काचेच्या मधात पाटली घाला म्हणे, अवं भाजी चिरता चिरताच काच तडकन! पाटल्या मागं-पुढंच बऱ्या.

मोहनमाळेचा हूक ढिला निघाला, बदलून देताना कुरकुर केली. आतून तांबं-पितळच असते बापा, वरून सोन्याचं पाणी, घाम नाहीतर सेंट लागला का काळं पडते, म्हून पुसून वेगवेगळ्या डब्बीत ठेवा. अन मोडीत काही येत नाही, तवा भाव पाडूनच घ्या.