चाळिशीनंतर आयव्हीएफ: स्वतःचं बीज की डोनरचं?

चाळिशी ओलांडल्यावर आयव्हीएफसाठी (शरीराबाहेर बीज फलित करून गर्भ पिशवीत ठेवण्याच्या उपचारासाठी) गेलेल्या जोडप्याला हा प्रश्न आज ना उद्या विचारला जातोच. उत्तर देण्याआधी एक गोष्ट नीट समजून घ्या: इथे वय मोजायचं ते बीजाचं. गर्भपिशवी त्या मानाने सावकाश थकते. म्हणूनच पंचेचाळिशीतल्या बाईलाही तरुण डोनरच्या (बीज दान करणाऱ्या बाईच्या) बीजातून दिवस राहू शकतात.

स्वतःच्या बीजांचा साठा जन्माच्या वेळी 10 ते 20 लाखांचा असतो. सदतिशीच्या सुमारास त्यातली 25 हजारांच्या आसपास उरतात. पण खरी अडचण संख्येची नाही. बीज पक्व होताना गुणसूत्रांची वाटणी होते आणि वाढत्या वयात ती वरचेवर चुकायला लागते. अशा बीजातून तयार झालेला गर्भ बहुतेकदा रुजत नाही किंवा रुजूनही पडतो. चाळिशीत राहिलेल्या गर्भांपैकी साधारण एक तृतीयांश पडतात, पंचेचाळिशीनंतर निम्म्याहून जास्त. इंजेक्शनांनी एका महिन्यात जास्त बीजं मिळतात, पण त्यांचा दर्जा सुधारत नाही. एएमएच (रक्तात मोजलं जाणारं एक हार्मोन) चांगलं आलं म्हणून हुरळून जाऊ नका. त्यातून साठा किती आहे याचा अंदाज येतो, दर्जाचा नाही. भ्रूणाची गुणसूत्र तपासणीसुद्धा असलेल्यांतून निवड करते, नवं काही घडवत नाही.

आकडे कटू आहेत, तरी सांगायलाच हवेत. स्वतःच्या बीजांवर 41-42 व्या वर्षी एका सायकलमागे (उपचाराच्या एका फेरीमागे) बाळ हाती येण्याचं प्रमाण साधारण 10 ते 15 टक्के असतं, 43 नंतर 5 टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून कमी. डोनर एगमध्ये एका ट्रान्स्फरमागे (भ्रूण गर्भपिशवीत ठेवण्यामागे) ते 40 ते 50 टक्क्यांपर्यंत जातं. (तिशीच्या सुरुवातीला स्वतःची बीजं गोठवून ठेवली असतील, तर आधी ती वापरा. त्यांचं वय तेव्हाचंच धरायचं.)

मग सरळ डोनरकडेच का जाऊ नये? कारण आनुवंशिक नातं सुटतं आणि ते दुःख खरं असतं. ‘पोटात तर तूच वाढवणार ना’ असं म्हणून कुणी ते झटकू नये. शिवाय डोनर एगच्या गरोदरपणात रक्तदाब वाढून प्रीएक्लॅम्प्सिया (आई आणि बाळ दोघांनाही घातक ठरू शकणारा आजार) होण्याचा धोका जास्त असतो, त्यात चाळिशीनंतर मधुमेहाचीही भर पडते. जुळ्यांमुळे हे सगळंच वाढतं, म्हणून एका वेळी एकच भ्रूण ठेवण्याचा आग्रह धरा.

माझं मत स्पष्ट आहे. वय 40-41 असेल आणि सोनोग्राफीत बीजांच्या छोट्या पिशव्या (फॉलिकल्स) बऱ्यापैकी दिसत असतील, तर स्वतःच्या बीजांवर एक-दोन सायकल कराव्यात, पण किती करायच्या हे पहिलं इंजेक्शन घेण्याआधीच नवरा-बायकोने ठरवावं. एकदा सुरू झालं की ‘अजून एकदा’ म्हणत दोन वर्षं निघून जातात. 44 नंतर मी स्वतःच्या बीजांच्या सायकलींत शरीर आणि पैसा घालायला सांगणार नाही. डोनर एगसाठी मन तयार नसेल तर थांबा. स्वतःच्या बीजांसाठी सहा महिनेसुद्धा महाग पडतात. डोनर एगची शक्यता तेवढ्यात फारशी घटत नाही. त्या सहा महिन्यांत समुपदेशकाशी बोला आणि बाळाला त्याच्या जन्माची गोष्ट कधी, कशी सांगायची हेही दोघांनी बोलून घ्या.