सोलापुरी चादर: काडी लावून बघा, मग घ्या

सोलापूरहून आणलेल्या दोन चादरी आणि सहा टॉवेल आता तीन-तीनदा धुऊन झालेत, म्हणून लिहायला बसलोय. नवी कोरी चादर सगळ्यांचीच छान दिसते, खरं काय ते धुतल्यावर कळतं.

आधी ऑनलाइन फसलो होतो ते सांगतो. मागच्या दिवाळीत एका साइटवर 'ओरिजनल सोलापुरी' म्हणून हजारात तीन चादरी मागवल्या. फोटोत मोर, फुलांचा काठ, सगळं बरोबर. हातात आल्यावर कापड बुळबुळीत, दुसऱ्या धुण्यात गोळे आले आणि आई म्हणाली ही चादर घेतली की घाम येतोय. आईचं माहेर सोलापूरचं, पूर्व भागातलं, तिचं अर्धं बालपण मागांच्या खडखडाटात गेलंय, तिला फसवणं अवघड. म्हणून या वेळी लग्नाला गेलो तेव्हा मुद्दाम अर्धा दिवस काढून अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत गेलो. पुढे दुकान आणि मागे शेडमध्ये माग असलेलं एक छोटं ठिकाण आहे, मामानं सांगितलेलं.

दुकानात सत्तरीचे एक अण्णा होते. घरात तेलुगू, गिऱ्हाइकाशी मराठी, फोनवर हिंदी, सोलापुरात हे रोजचंच. मी म्हटलं, अण्णा, शंभर टक्के सुती दाखवा, मागे फसलोय. ते काही बोलले नाहीत, चादरीच्या टोकाचा एक धागा ओढला आणि काडीपेटी काढून पेटवला. कागद जळल्यासारखा वास आला आणि चिमटीत धरल्यावर नुसती राख झाली. मग दुसऱ्या एका चादरीचा धागा पेटवला, तो आकसला आणि टोकाला काळा कडक मणी झाला. "ह्ये पॉलिस्टर वो, मिक्स माल. स्वस्तातलं मागत्यात म्हणून ठेवतो, पण सांगून विकतो," म्हणाले. त्या एका वाक्यासाठी दुकानाला माझ्याकडून पूर्ण मार्क.

चादर सिंगल बेडची, ४५० रुपये, काट्यावर सव्वा किलोच्या थोडी वर. वजन बघाच, कारण फसवणूक तिथेच होते, वीण विरळ केली की दिसायला तीच चादर पण वर्षभरात जाळी होते. आणि चादर उलटी करून बघा. खरी सोलापुरी जॅकार्डवर, म्हणजे नक्षी विणणाऱ्या मागावर विणलेली असते, दोन थर एकमेकांत अडकवत जातात, त्यामुळे एका बाजूला पांढऱ्यावर लाल मोर असेल तर दुसऱ्या बाजूला लालवर पांढरा. नक्षी छापलेली नसते, विणलेली असते, म्हणून ती पुसली जात नाही. आमच्या घरी आजीची एक चादर आहे, काठ विरलेत पण मोर अजून जागेवर आहे.

धुतल्यावरचा अनुभव: पहिल्या पाण्यात लाल रंग थोडा सुटला, वेगळी धुवा. दुसऱ्यांदा नाही सुटला. लांबीत दोनेक बोटं आटली, सुती म्हटल्यावर ते आलंच. आता मऊ पडलीय आणि थंडीत एक पुरते. टॉवेल त्याहून सरस निघाले, पाणी लगेच ओढतात, धागे निघाले नाहीत. नॅपकिन मात्र साधेच, मुद्दाम घेऊ नका.

आता जे सांगायचंय ते. बिल करताना मी सवयीने म्हटलं, अण्णा चारशेला द्या की. ते म्हणाले चला, मागे येऊन बघा, मग सांगा किती द्यायचे. शेडमध्ये बारा माग, पाच बंद. चालू मागांवर आडवा धागा इकडून तिकडे नेणाऱ्या धोट्याचा आवाज एवढा की कानात बोलावं लागतं. एक बाई खाली बसून कांड्या भरत होत्या, म्हणजे धोट्यात बसणाऱ्या नळ्यांवर सूत गुंडाळत होत्या, त्यांची मजुरी कांड्यांवर, विणकराची नगावर. वीज गेली, सूत तुटलं, आजारी पडलं की तेवढे पैसे गेले. अण्णांचं गणित साधं होतं: सुताचा भाव महिन्याभरात वर जातो, पण चादरीचा भाव वाढवला की व्यापारी हरियाणातल्या पानिपतचा स्वस्त माल उचलतो आणि त्याच्यावर सोलापूरचं नाव लावून विकतो. म्हणजे मी ऑनलाइन घेतलेली ती चादर यांच्याच पोटावर आली होती. सोलापुरी चादर आणि टेरी टॉवेल दोघांनाही जीआय आहे, म्हणजे गावाच्या नावाला कायद्याचं संरक्षण देणारं भौगोलिक मानांकन, महाराष्ट्रातल्या अगदी सुरुवातीच्या जीआयमध्ये ही नावं आहेत, पण बाजारात ते बघायला कोण जातं? मी स्वतः कधी बघितलं नव्हतं. ४५०च दिले.

लोक म्हणतात सोलापूर संपलं. मला ते पटत नाही, पण दुखणं खरं आहे. १८७७ साली इथे पहिली कापड गिरणी निघाली, जुनी गिरणी म्हणतात ती, मग नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू, अख्खं शहर भोंग्यावर चालायचं. जुनी गिरणी साठच्या दशकात बंद पडली, बाकीच्याही एकेक करून गेल्या, आणि यंत्रमागानं शहर सावरून धरलं. ज्या घरात बाप माग चालवतो तिथे आई बऱ्याचदा विड्या वळते, दोन्ही कामं नगावरची. अशाच कामगारांसाठी इथले कामगार नेते नरसय्या आडम यांनी वर्षानुवर्षं लावून धरलेली रे नगरची ३०,००० घरांची वसाहत सोलापूरजवळच्या कुंभारीला उभी राहतेय, त्यातली १५,००० घरं जानेवारी २०२४ मध्ये दिली गेली. मोठी गोष्ट आहे, पण त्या घरातल्या पोरानं काम कुठे करायचं? माझे तिन्ही मामेभाऊ पुण्यात आहेत.

आणि गंमत नाही, काळजीची गोष्ट आहे की जिल्ह्यात पैसा आहे. राज्यात सगळ्यात जास्त साखर कारखाने या जिल्ह्यात, सोलापूरच्या डाळिंबाला जीआय, डाळिंबाचं राष्ट्रीय संशोधन केंद्र केगावला, मंगळवेढ्याच्या ज्वारीलाही जीआय. उसाला उजनी धरणाचं पाणी पोचतं आणि शहरात नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं, मामी पिंप भरून ठेवते. मोठा कारखानदार हे बघून काय विचार करेल? रंगाई-धुलाईला तर पाण्याशिवाय पानच हलत नाही. माझ्या मते सोलापूरचं पुढचं सगळं विमानापेक्षा नळावर जास्त अवलंबून आहे. विमान आलं ते चांगलंच झालं, त्यासाठी २०२३ मध्ये विमानांच्या वाटेत येणारी सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी पाडली तेव्हा किती वाद झाले, आणि २०२५ च्या जूनमध्ये गोव्याची सेवा सुरू झाली. वंदे भारतनं मुंबईही जवळ आली. पण जवळ आलेल्या माणसानं इथे काहीतरी उभं करायला हवं ना.

आशा मला दोन ठिकाणी दिसली. एक टॉवेल. अण्णांच्या पोरानं कर्ज काढून चार रॅपिअर माग (धोट्याशिवाय चालणारे वेगवान माग) घेतलेत, हॉटेलांच्या ऑर्डरी घेतो, आणि तिथे गिऱ्हाईक टॉवेलचं वजन आणि शोषण मोजून पैसे देतं, घासाघीस कमी. दुसरं गणवेश, शाळांचे युनिफॉर्म शिवण्यात सोलापूरनं चांगलं नाव काढलंय, आणि शिलाईत बायकांना विडीपेक्षा बरं काम मिळू शकतं. पोराला निर्यातीची भीती वाटते, ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेनं भारतीय मालावर ५० टक्के ड्यूटी लावली तेव्हा त्याच्या ओळखीच्यांच्या ऑर्डरी अडकल्या होत्या, म्हणून तो म्हणतो आधी आपल्याच देशातली हॉटेलं धरू. मला त्याचं पटलं. चादरीनंही तेच करावं, स्वस्तात पानिपतशी भिडण्यापेक्षा वजन छापा, सुती लिहा, जीआयचं लेबल शिवा आणि ६०० मागा. मी देईन.

दुकानाबद्दल तक्रारी दोनच. रंग फार थोडे, लाल-हिरवा-निळा सोडून काही मागितलं की 'सांगून ठेवतो' म्हणतात, आणि कुरिअर करत नाहीत, ते मात्र सुरू करायलाच पाहिजे. निघताना अण्णांना म्हटलं, पोराला सांगा कुरिअरचं. तर म्हणाले, "तुम्हीच सांगा वो, माझं ऐकत नाही." त्याचा नंबर घेतलाय, संक्रांतीला आत्यासाठी चार चादरी मागवणार आहे, बघू पाठवतो का.