मृत्युदंडावरचा एक ऑनलाइन अभ्यासक्रम: युक्तिवाद भक्कम, न्यायप्रक्रिया गायब

मृत्युदंड कधी तरी समर्थनीय ठरू शकतो का, या एकाच प्रश्नाला वाहिलेला एक ध्वनिचित्रमुद्रित अभ्यासक्रम मी नुकताच पूर्ण केला. नीतिशास्त्राचे एक निवृत्त प्राध्यापक तो शिकवतात. प्रत्येक व्याख्यानानंतर छोटी प्रश्नावली आणि सगळ्यात शेवटी एक निबंध, असा त्याचा साचा आहे. या विषयाकडे बहुतेक जण ठाम मत घेऊनच येतात आणि तेच मत घेऊन परत जातात. त्यामुळे अशा अभ्यासक्रमाची खरी परीक्षा एवढीच असते, की तो ऐकणाऱ्याला त्याच्या स्वतःच्या बाजूचे कच्चे दुवे दाखवतो की नाही. या कसोटीवर त्याचा पूर्वार्ध उत्तम उतरतो. उत्तरार्धाबद्दल माझी तक्रार आहे आणि ती किरकोळ नाही.

तात्त्विक मांडणी हे त्याचे बलस्थान. जर्मन तत्त्वज्ञ कान्टचे प्रसिद्ध काल्पनिक बेट इथे सविस्तर येते: एखाद्या बेटावरच्या समाजाने सर्वसंमतीने विखुरण्याचे ठरवले, तरी पांगण्यापूर्वी त्याने तुरुंगातल्या शेवटच्या खुन्याला देहदंड दिला पाहिजे, कारण शिक्षा पुढच्या फायद्यासाठी द्यायची नसते, ती केलेल्या कृत्याचे देणे म्हणून द्यायची असते. हा दाखला सहसा थट्टेसाठी सांगितला जातो. प्राध्यापक मात्र आधी त्यातली ताकद दाखवतात (गुन्हेगाराला इतरांवर वचक बसवण्याचे निव्वळ साधन करू नये, हा आग्रहही याच विचारातून येतो) आणि मगच विचारतात, की छळ करणाऱ्याचा आपण छळ करत नाही, घर जाळणाऱ्याचे घर जाळत नाही, तर केवळ खुनाच्या बाबतीतच हिशेब इतका तंतोतंत जुळण्याचा हट्ट का धरायचा. इटालियन विचारवंत बेकारियालाही असाच न्याय मिळतो. शिक्षेच्या कठोरपणापेक्षा ती चुकणार नाही याची खात्री गुन्हेगाराला अधिक रोखते, हे त्याने १७६४ साली मांडलेले सूत्र सर्वांना ठाऊक असते. पण ज्याचे जिवंत असणेच राष्ट्राच्या सुरक्षिततेला घातक ठरेल अशा माणसाचा अपवाद त्यानेही राखून ठेवला होता, हे क्वचितच सांगितले जाते. इथे ते सांगितले आहे.

वचक बसतो का, या प्रश्नावरचे व्याख्यान आटोपशीर आहे आणि तसेच असायला हवे. अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलने २०१२ मध्ये तोवरच्या अभ्यासांची छाननी करून निष्कर्ष काढला, की मृत्युदंडामुळे खून घटतात, वाढतात की त्यांवर काहीच परिणाम होत नाही, हे त्या अभ्यासांवरून ठरवता येत नाही आणि म्हणून धोरण ठरवताना त्यांचा आधार घेऊ नये. आकडे आपल्याच बाजूचे आहेत असे समजणाऱ्या दोन्ही पक्षांना हे ऐकवणे गरजेचे होते. प्राध्यापक ते ऐकवतात आणि पुढे जातात.

मला सर्वाधिक भिडले ते टोकाच्या गुन्ह्यांवरचे व्याख्यान, कारण ‘कधी तरी’ या शब्दांची कसोटी तिथेच लागते. इस्राएलने १९५४ मध्ये साध्या खुनासाठीचा मृत्युदंड रद्द केला, वंशसंहारासाठी तो कायम ठेवला आणि १९६२ मध्ये ज्यूंच्या संहाराची यंत्रणा राबवणारा नाझी अधिकारी आइखमन याला फाशी दिली. ती अमलात आणू नये असे म्हणणाऱ्यांमध्ये तत्त्वज्ञ मार्टिन बुबर होते, हा तपशील व्याख्यानात नेमक्या जागी येतो. त्याच्याच शेजारी रवांडा ठेवला आहे. तिथे १९९४ मध्ये झालेल्या तुत्सींच्या संहारानंतर संयुक्त राष्ट्रांनी स्थापन केलेल्या न्यायाधिकरणात मृत्युदंडाची तरतूद नव्हती, आणि तेव्हा सुरक्षा परिषदेचा सदस्य असलेल्या रवांडाने ज्या कारणांनी त्या ठरावाच्या विरोधात मत दिले, त्यांपैकी हे एक होते. देशातल्या न्यायालयांनी दोषी ठरवलेल्या २२ जणांना १९९८ मध्ये जाहीरपणे गोळ्या घालण्यात आल्या. २००७ मध्ये त्याच देशाने मृत्युदंड रद्द केला. संशयितांना रवांडाच्या स्वाधीन करण्याच्या आड ही शिक्षा येत होती, हे त्यामागचे व्यावहारिक कारणही प्राध्यापक लपवत नाहीत. गुन्ह्याची भीषणता तीच, बळी गेलेल्यांची संख्या तीच, आणि तरीही अवघ्या नऊ वर्षांत राज्याचे उत्तर बदलले. आइखमनबद्दल माझे मत या व्याख्यानाने बदलले नाही. त्याला ती शिक्षा अन्याय्य होती असे मला आजही म्हणता येत नाही. पण त्या एका माणसाच्या आधारावर खुनाच्या रोजच्या खटल्यांसाठी नियम बांधता येणार नाही, एवढे मात्र पटले.

उत्तरार्धात चुकांवरचे व्याख्यान येते आणि ते इवाओ हाकामादांवर उभे आहे. जपानमध्ये १९६६ साली मिसो (आंबवलेल्या सोयाबीनचा लगदा) बनवणाऱ्या एका कारखान्याच्या संचालकाच्या घरात चौघांचा खून झाला आणि घराला आग लावण्यात आली. कारखान्यात काम करणारे माजी मुष्टियोद्धे हाकामादा यांनी प्रदीर्घ चौकशीनंतर कबुली दिली आणि न्यायालयात ती नाकारली. गुन्ह्याच्या वेळी अंगात झोपण्याचे कपडे होते, असे कबुलीत होते. पुढे चौदा महिन्यांनी कारखान्यातल्या मिसोच्या टाकीतून रक्ताने माखलेले वेगळेच कपडे निघाले आणि सरकार पक्षाने आपली कहाणी बदलली. त्यांतली पँट न्यायालयात चढवून पाहिली, तेव्हा ती हाकामादांना होईना. डागांचा लालसर रंगही कायम होता, आणि इतका काळ मिसोत मुरलेले रक्त काळपट पडते, हे बचाव पक्षाने प्रयोग करून दाखवले. १९६८ मध्ये मृत्युदंड, २०१४ मध्ये सुटका, २०२४ मध्ये निर्दोष मुक्तता, आणि निकालपत्रात ते कपडे तपास यंत्रणेने बनवलेला पुरावा असल्याचा स्पष्ट उल्लेख! मूळ निकाल देणाऱ्या तिघांपैकी एका न्यायाधीशाने तर २००७ मध्येच जाहीर केले होते, की आपल्याला आरोपी निर्दोष वाटत होता. जपानमध्ये फाशीची सूचना कैद्याला त्याच दिवशी सकाळी मिळते, त्यामुळे कोठडीतली प्रत्येक सकाळ कशी गेली असेल, याची कल्पना प्राध्यापक ऐकणाऱ्यावर सोडतात.

इतके चांगले व्याख्यान दिल्यावर अभ्यासक्रम एक पायरी चुकवतो. निरपराध माणूस फासावर जाण्याचा धोका तो मांडतो, पण गुन्हा निर्विवाद असतानाही फाशी कोणाच्या वाट्याला येते हे कसे ठरते, याबद्दल त्यात जवळजवळ काहीच नाही. भारतातला हरबन्स सिंग खटला इथे हवाच होता. एकाच गुन्ह्यात सारख्याच सहभागासाठी तिघांना फाशी झाली. तिघांचे अर्ज सर्वोच्च न्यायालयात वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या पीठांपुढे गेले. एकाचा अर्ज फेटाळला गेला आणि १९८१ मध्ये त्याला फाशी देण्यात आली, दुसऱ्याची शिक्षा त्याआधीच जन्मठेपेत बदलली होती, तर तिसऱ्याच्या बाबतीत ही विसंगती लक्षात आल्यावर न्यायालयाने १९८२ मध्ये शिक्षा कमी करण्याची शिफारस राष्ट्रपतींकडे केली. फाशी केवळ ‘दुर्मिळातील दुर्मिळ’ प्रकरणातच द्यावी, ही कसोटी सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्ये घालून दिली होती. तिच्यानंतरही ही फाशी अमलात आली. अमेरिकेतला मॅक्लेस्की खटलाही गैरहजर आहे. बळी गोरा असेल तर मृत्युदंडाची शक्यता चार पटींहून अधिक वाढते, असा जॉर्जिया राज्यातल्या खटल्यांचा अभ्यास समोर असताना तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी तो अपुरा ठरवला, आणि बहुमताचा निकाल लिहिणाऱ्या न्यायमूर्ती पॉवेल यांनीच निवृत्तीनंतर सांगितले, की पुन्हा संधी मिळाली तर आपण मत बदलू. या दोन खटल्यांशिवाय समर्थनीयतेची चर्चा म्हणजे मतमोजणी न पाहता निवडणुकीचे तत्त्वज्ञान शिकवणे होय.

ही उणीव मिलवरच्या व्याख्यानात सर्वाधिक खटकते. इंग्रज तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिलने १८६८ मध्ये ब्रिटिश संसदेत खुनासाठी मृत्युदंड राखण्याच्या बाजूने भाषण केले, आणि अभ्यासक्रम त्यातला जन्मठेपेपेक्षा मृत्यू कमी क्रूर असल्याचा युक्तिवाद छान उलगडतो. पण जिथली फौजदारी प्रक्रिया निरपराधाला धोकादायक आहे तिथे चूक दुरुस्त न होण्याचा आक्षेप बिनतोड ठरेल, हे मिलने त्याच भाषणात मान्य केले होते, आणि तो भाग व्याख्यानातून गळला आहे. म्हणजे या शिक्षेच्या सर्वांत समर्थ पाठीराख्याने आपला पाठिंबा ज्या अटीवर उभा केला, तीच अट विद्यार्थ्यापर्यंत पोहोचत नाही.

बाकी बाबी थोडक्यात. ध्वनिमुद्रण स्वच्छ आहे, लिखित प्रत सोबत मिळते. प्रश्नावल्या मात्र फारच बाळबोध आहेत. कान्ट समर्थक होता की विरोधक, असे विचारून काय साधणार? पीडितांच्या नातेवाइकांविषयी एक अर्धे व्याख्यान आहे, त्यात सहानुभूती पुष्कळ, पण वर्षानुवर्षे लांबणाऱ्या अपिलांनी त्यांची होणारी फरफट नाही.

तत्त्वज्ञानाची बाजू नीट समजून घ्यायची असेल त्याला मी हा अभ्यासक्रम निःसंकोच सुचवेन. कायद्याच्या विद्यार्थ्याला तो एकट्याने पुरणार नाही. ज्या गुन्ह्यासाठी मृत्युदंड मान्य कराल असा एक गुन्हा कल्पून लिहा, असा शेवटच्या निबंधाचा विषय आहे. त्यात तपास कोणी केला, वकील कोणता मिळाला आणि अर्ज कोणत्या पीठापुढे गेला, हेही कल्पून लिहायला सांगावे, असे मी अभिप्रायात कळवले आहे. तोवर, निबंधाला हात घालण्यापूर्वी मिलचे भाषण मुळातून वाचावे; ते फार लांब नाही.