खेकडा करायचा की ऑक्टोपस?

मुलांसोबत कागदाचा हलणारा समुद्री प्राणी म्हणून आमच्याकडे दोन्ही करून झालेत. खेकडा म्हणजे पेपर प्लेट अर्धी दुमडायची, लाल रंग फासायचा आणि दोन नांग्या स्प्लिट पिनने (भोकातून घालून मागे दोन टोकं फाकवायची ती पिन) लावायच्या. दिसतो एकदम भारी, पण भोकं पाडायचं काम आपल्याच गळ्यात, आणि पिन घट्ट दाबली की नांगी हलतच नाही म्हणून जरा सैल ठेवायची, मागच्या टोकांवर टेप लावायची नाहीतर टोचतात. लहानग्याच्या हातात पिन नकोच, थेट तोंडात जाते.

ऑक्टोपस त्यामानाने सोप्पा. कागदी कपाच्या बुडाला चीर, त्यातून आइस्क्रीमची काडी, वरच्या टोकाला कागदी ऑक्टोपस, काडी ढकलली की डोकावतो, ओढली की गायब! खराही कपारीत असाच लपतो ना, त्यामुळे गोष्ट आपोआप सुरू होते. आठ पाय लावायचे होते, आमच्या धाकटीने अकरा चिकटवले, राहू दिले. (खेकड्याचे नांग्या धरून दहा, तिथेही तीच गत.)

मला विचाराल तर चारच्या आतल्यांना ऑक्टोपसच द्या. पहिली-दुसरीतल्यांना मात्र खेकडा, आमचा मोठा नुसती नांगी फिरवत अर्धा तास बसला होता.