निक्को की कामाकुरा? आईबाबा आणि लहान मूल सोबत असेल तर

भारतातून आईबाबा आले की टोकियोतल्या मराठी घरांमधे हा विषय निघतोच, एकच रविवार मोकळा आहे, सकाळी ट्रेनने जाऊन रात्री घरी यायचंय, तर टोकियोबाहेरच्या जुन्या देवळांच्या गावांपैकी निक्को की कामाकुरा? आम्ही टोकियोतल्या निशी-कासाईत राहतो, दोन्हीकडे जाऊन आलोय, सोबत आईबाबा आणि अडीच वर्षांची लेक.

बघायला निक्कोत जास्त आहे हे आधीच मान्य करतो. तिथलं तोशोगू देवस्थान म्हणजे जपानचा जुना सत्ताधीश (शोगुन) तोकुगावा इएयासूची समाधी, आज दिसतं ते बहुतेक १६३६ मधलं काम, योमेइमोन दरवाजावरची नक्षी बघताना बाबा तिथून हलेचनात, आणि ती तीन माकडं बघून आईला लगेच गांधीजींची माकडं आठवली. झोपलेल्या मांजरीच्या कोरीव शिल्पाच्या पुढे समाधीपर्यंत २०७ दगडी पायऱ्या आहेत, आई खालीच बसली.

पण आमचं घोडं अडलं ते बसपाशी. स्टेशनपासून देवस्थान दोनेक किलोमीटर, तेही चढ, म्हणजे आईबाबांसोबत बस आलीच. आम्ही गेलो ऑक्टोबरअखेर, पानं रंगलेली, वरच्या चुझेन्जी तलावाकडून येणारा सगळा रस्ता गाड्यांनी तुंबलेला, परतीच्या बसेस उशिरा येत होत्या आणि आल्या त्या खचाखच भरून. लेक स्ट्रोलरमधे गाढ झोपलेली, तिला उचलून कडेवर घ्या, स्ट्रोलर मिटवा, आईला धरा, आणि तरी पहिल्या दोन बसमधे पाय ठेवायला जागा नाही. टोकियोतल्या असाकुसा स्टेशनला परतायची एक्स्प्रेस पूर्ण रिझर्व्हेशनची, ती डोळ्यांदेखत गेली, पुढच्या गाडीत सीट नव्हती, मग साध्या गाडीने बदलत बदलत घरी पोचायला साडेदहा झाले. आई काही बोलली नाही, पण तिचा चेहरा बघून मला फार वाईट वाटलं.

कामाकुराला टोकियो स्टेशनवरून योकोसुका लाइन, साधारण तासभर, मधे बदलायचं नाही, रिझर्व्हेशनची भानगड नाही, मन भरलं की उठायचं आणि येईल त्या गाडीत बसायचं. तिथलं मोठं देवस्थान त्सुरुगाओका हाचिमानगू, कामाकुरा स्टेशनपासून चालत दहा मिनिटं, रस्ता सपाट. मुख्य देवळाला ६१ पायऱ्या आहेत, तिथलं जुनं गिंकोचं झाड २०१० मधे वादळी वाऱ्यात पडलं पण बुंध्याला नवी पालवी फुटलीय, ती बाबांनी लेकीला दाखवली. खाली तळ्यातल्या बेटावर बेनझाइतेन, म्हणजे आपली सरस्वतीच, हे सांगितल्यावर आईने चप्पल बाजूला काढून हात जोडले.

तिथेही गर्दी असते बरं का, मोठ्या बुद्धमूर्तीकडे जाणारी एनोदेन ही छोटी लोकल ट्रेन रविवारी भरलेली होती, पण मूर्तीजवळचं हासे हे तिसरंच स्टेशन, आम्ही रमतगमत अर्ध्या तासात चालत गेलो. निक्कोत हा पर्याय नव्हता.

तुम्ही दोघंच असाल किंवा रात्री मुक्काम करणार असाल तर निक्को जरूर करा, कामाकुराच बरं हे माझं म्हणणं फक्त आमच्यासारख्या कुटुंबापुरतं आहे. कामाकुराला जाणार असाल तर तिखटमिठाच्या पुऱ्या घरून न्या, फक्त समुद्रावर बसून खाऊ नका, तिथल्या घारी हातातला घास उचलून नेतात.