पवना काठचा तंबू: ॲडव्हान्स कुठे बुडतो

पवना धरणाच्या काठावर तंबूत एक रात्र, हा मुंबई-पुण्याच्या घरांना परवडणारा बेत आहे. शनिवारी दुपारी चारला पोचायचं, चहा-भजी, संध्याकाळी बार्बेक्यू, रात्रीचं जेवण, सकाळी पोहे आणि अकराच्या आत निघायचं. माणशी साधारण हजार ते दीड हजार. सुट्टीच्या दिवशी लोणावळ्यात नुसत्या खोलीला जे मोजावं लागतं, त्यात इथे चौघांचं खाण्यापिण्यासकट भागतं. ठाकूरसाई, ब्राह्मणोली, आंबेगाव, फांगणे या गावांच्या बाजूने काठाला तंबूंच्या रांगा दिसतात. त्यातले बरेच कॅम्प गावातली घरंच चालवतात आणि नीट चालवतात. मागणी एवढी, बुकिंग सगळं फोनवर, पैसे आगाऊ. त्यामुळे फसवणाऱ्यांचीही सोय झाली आहे.

फसवणूक दोन तऱ्हेची. एकीत कॅम्प नसतोच. दुसरीत कॅम्प असतो, पण दाखवलेला नसतो. पहिली बातम्यांत येते. दुसरी जास्त घरांना भोवते आणि तिच्याबद्दल कोणी तक्रारही करत नाही.

पहिल्या तऱ्हेचा नमुना ठरलेला आहे. इन्स्टाग्रामवर रील येतं: पाण्याला टेकून तंबू, मागे तुंग नाहीतर तिकोना किल्ला, झाडांना पिवळे दिवे. ‘लेकसाइड प्रीमियम, १,२९९ चं आज फक्त ८९९.’ खाली व्हॉट्सॲपचा नंबर. मेसेज टाकला की दोन मिनिटांत मेन्यू, नियम, फोटो असं सगळं येऊन पडतं. भाषा अदबीची, ‘सर’ आणि ‘मॅडम’शिवाय वाक्य नाही. नवरा-बायको, आठ वर्षांची मुलगी आणि चार वर्षांचा मुलगा असा हिशोब धरू. दोन मोठ्यांचे १,७९८, मुलीचे निम्म्या दराने ४५०, धाकटा फुकट, एकूण २,२४८. निम्मे, म्हणजे १,१२४ आत्ता पाठवा, बाकीचे आल्यावर द्या. इथपर्यंत खरा कॅम्पवालाही अगदी असंच बोलतो, म्हणून संशय येत नाही.

पैसे गेले की दहा मिनिटांत हा मेसेज येतो: ‘सर, तुमचं पेमेंट आलंय पण सिस्टिममध्ये बुकिंग कन्फर्म होत नाहीये. जीएसटी बिलाला फुल अमाउंट एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये लागते. २,२४८ पाठवा, आधीचे १,१२४ ऑटो रिफंड होतील.’ खरी मेख इथे आहे. हजार-अकराशेवर पाणी सोडायला माणूस तयार असतो, पण ‘परत मिळणार’ म्हटलं की आणखी दुप्पट पाठवतो. आता ३,३७२ गेलेले असतात. मग रिफंडसाठी म्हणून क्यूआर कोड येतो: ‘हा स्कॅन करा आणि पिन टाका, पैसे जमा होतील.’ यूपीआयचा पिन पैसे देण्यासाठी आणि शिल्लक बघण्यासाठी लागतो. घेण्यासाठी कधीच लागत नाही, कुठल्याच ॲपमध्ये, कुठल्याच बँकेत. पिन मागितला की समजायचं, आणखी एकदा खिसा कापायची तयारी चालू आहे.

काही जण दुसऱ्यांदा पैसे मागतच नाहीत. सभ्यपणे ‘कन्फर्म’चा मेसेज आणि लोकेशन पाठवतात. शनिवारी गाडी त्या जागी पोचते तेव्हा तिथे कॅम्प असतोही, फक्त त्याच्या मालकाकडे तुमचं नाव नसतं, कारण रीलमधले फोटो त्याच्या कॅम्पचे, पण नंबर त्याचा नव्हे. त्याच्या दारात दर शनिवारी अशी एखादी गाडी उभी राहत असेल, तर तोही बिचारा वैतागलेला असतो. त्याच्याशी भांडून काही हाती लागत नाही.

हे सगळं पैसे पाठवायच्या आधी पकडता येतं, आणि त्याला अर्धा तासही लागत नाही. इन्स्टाग्रामच्या पानावर वरच्या तीन टिंबांत या खात्याविषयी माहिती मिळते: खातं कधी उघडलं, पूर्वी किती वेळा नाव बदललं. दोन महिन्यांपूर्वी उघडलेलं किंवा तीनदा नाव बदललेलं पान असेल तर तिथेच थांबावं. फॉलोअर विकतही मिळतात, नावबदलाची नोंद पुसता येत नाही. रीलमधला एक फोटो गूगल लेन्समध्ये टाकला की तो आणखी कुठल्या कॅम्पच्या नावाने फिरतोय ते कळतं. गूगल मॅपवरचा फोन नंबरही डोळे झाकून घेऊ नये. तिथे ‘बदल सुचवा’ ही सोय कोणालाही वापरता येते आणि भामटे ती वापरतात. मॅपवरचा नंबर, कॅम्पच्या पानावरचा नंबर आणि लोकांनी टाकलेल्या फोटोंतल्या फलकावरचा नंबर, तिन्ही जुळले पाहिजेत.

पैसे पाठवताना ॲप खातेदाराचं बँकेतलं नाव दाखवतं. तिथे क्षणभर थांबा. कॅम्प मावळातला, बोलणारा स्वतःला मालक म्हणवतो आणि नाव कुठल्या तरी परराज्यातल्या मोबाइल शॉपीचं किंवा ट्रेडिंग कंपनीचं येतं, तर व्यवहार रद्द करावा. ‘ते आमच्या अकाउंटंटचं खातं आहे’ हे उत्तर पाठ केलेलं असतं.

सगळ्यात खात्रीची चाचणी व्हिडिओ कॉलची. दिवसा, उजेडात, दोन मिनिटांचा. आधी ‘पाठवतो व्हिडिओ’ म्हणतील. व्हिडिओ नको, कॉल हवा. कॅमेरा फिरवून चार गोष्टी दाखवायला सांगा: तंबू, तंबूपासून पाण्याची कड, स्वच्छतागृह आतून, आणि रस्त्यावरचा फलक. नसलेल्या कॅम्पचा माणूस इथे गळतो. ‘आत्ता रेंज नाही, साइटवरचा मुलगा बाहेर गेलाय.’ रेंजची अडचण काठावर काही ठिकाणी खरी असते, पण खरा कॅम्पवाला तासाभराने रेंजमध्ये येऊन कॉल करतो, कारण त्याला गिऱ्हाईक हवं असतं.

तरीही ॲडव्हान्स शक्यतो पाचशेच्या वर जाऊ देऊ नये. ‘टोकन पाचशे, बाकी रोख तिथे’ यावर अडून बसलं की बरेच खरे कॅम्पवाले तयार होतात. लांबच्या शनिवार-रविवारला, ३१ डिसेंबरला नाही होत. त्या दिवशी निम्मे मागणं रास्त आहे, पण मग कॉल झाल्याशिवाय नाहीच.

आता दुसरी तऱ्हा. इथे नंबर खरा, माणूस खरा, जेवणही मिळतं. पण तुम्ही ज्याच्याशी बोललात तो मालक नसून एजंट असतो. तो चार-पाच कॅम्पसाठी एकाच फोटोवर बुकिंग घेतो आणि शनिवारी जिथे जागा शिल्लक तिथे पाठवतो. त्याचा वाटा काढून मालकाला कमी पैसे पोचतात आणि ते पुढे बार्बेक्यूच्या सळईवर दिसतात: पनीरचे तीन तुकडे, चिकनचे चार. लोणावळ्याहून येताना दुधिवरे खिंड उतरत असता फोन येतो, ‘दादा, तुमचा लेकसाइड फुल झाला, त्याच दरात दुसरी प्रॉपर्टी देतो, त्याहून भारी आहे.’ मागच्या सीटवर पोरं भुकेली, चारचं उन्ह, परत फिरायची सोय नाही. एजंटला हे पक्कं माहीत असतं, म्हणूनच तो सकाळी फोन करत नाही.

यावर उपाय लिखित शब्दाचा. पैसे पाठवायच्या आधी व्हॉट्सॲपवर एवढं लिहून घ्यावं: कॅम्पचं नाव, गाव, मॅपवरची खूण, तारीख, माणसं किती, मुलांचा दर, जेवणात काय मर्यादित आणि काय हवं तेवढं, आणि शेवटी ‘जागा बदलल्यास पूर्ण पैसे परत’. समोरून ‘हो’ आलं पाहिजे. नुसत्या अंगठ्याच्या इमोजीवर समाधान मानू नये. वाद झाला की तो अंगठा ‘मेसेज बघितला’ एवढ्यापुरताच होता असं म्हणतात.

पाण्याचं अंतर हा या धंद्यातला सगळ्यात जुना खेळ. पवना पावसाळ्यात भरतं आणि उन्हाळ्यापर्यंत पाणी मागे सरत जातं. ऑक्टोबरात तंबूच्या दारातून पाय बुडवता येतील अशी जागा एप्रिल-मेमध्ये पाण्यापासून बरीच दूर पडते, मध्ये भेगाळलेला गाळ. कॅम्प जिथल्या तिथे असतो, जाहिरातीतला फोटोही त्याचाच असतो, फक्त महिना वेगळा. फोटोतले डोंगर बघा. हिरवेगार असतील तर फोटो पावसाळ्यातला किंवा त्याच्या लगेच नंतरचा. मार्चनंतर जाणाऱ्याने तो विचारातच घेऊ नये. ‘लेकसाइड’, ‘लेक टच’, ‘लेक व्ह्यू’ हे शब्द कोणीही कसेही वापरतो, म्हणून विचारायचं एवढंच: आज तंबूपासून पाणी किती पावलांवर आहे? मुलं लहान असतील तर पाणी लांब असणं खरं तर बरंच. पवन्यात बुडून माणसं गेली आहेत. काठ गाळाचा आहे आणि खोली अचानक वाढते. ‘पोहायला सोय आहे’ असं सांगणाऱ्याला लाइफ जॅकेट आणि पाण्यावर लक्ष ठेवणारा माणूस आहे का ते विचारावं.

तंबूच्या मापातही हात मारला जातो. ‘चार जणांचा तंबू’ म्हणजे साधारण २१० बाय २४० सेंटीमीटर. माणशी ६० सेंटीमीटरच्या गादीचा हिशोब केला तर चौघं खांद्याला खांदा लावून मावतात आणि पिशव्या बाहेर. दोन मोठे नि दोन मुलं असतील तर तो चालतो; आजी बरोबर असेल तर दुसरा तंबू लागतो, आणि तो आयत्या वेळी मागितला की दर दुप्पट. गादी, उशी, पांघरूण दरात धरलं आहे का तेही आधीच विचारावं. डिसेंबर-जानेवारीत काठावर बोचरी थंडी असते आणि एक पातळ चादर देऊन दुसरीचे शंभर रुपये लावणारे आहेत.

गेटवर निघणारे आणखी काही खर्च: पार्किंग, शेकोटीचं लाकूड, सहा वर्षांच्या मुलाला ‘पाचच्या पुढे फुल’ सांगून पूर्ण दर. बहुतेक ठिकाणी पाचखाली फुकट, पाच ते दहा निम्मे असतं, पण ते लिहून घेतलेलं नसेल तर ते असून नसल्यासारखं. ‘लाइव्ह म्युझिक रात्रभर’ ही थापच आहे. ध्वनिप्रदूषण नियम २००० चे, रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर स्पीकर लावता येत नाही. कुटुंबाला तर शांतताच हवी असते. जिथे रात्रभर डीजेचं आमिष दाखवतात तिथे गर्दी कुठल्या प्रकारची असेल याचा अंदाज त्यावरूनच घ्यावा.

पावसाळ्यात आणखी एक गोम. मुसळधार पावसात जिल्हाधिकारी धरण-धबधब्यांच्या परिसरात मनाई आदेश काढतात. जून २०२४ मध्ये लोणावळ्याला भुशी धरणाजवळ एकाच कुटुंबातली माणसं वाहून गेली, त्यानंतर असेच आदेश निघाले. आदेश निघाला तर ॲडव्हान्स परत की पुढची तारीख, हे बुकिंगच्या वेळीच ठरवावं. बरेच जण फक्त पुढची तारीख देतात आणि ती तारीख कधीच रिकामी नसते. ‘वॉटरप्रूफ तंबू’वर जाऊ नये. तंबू पत्र्याच्या शेडखाली, उंच ओट्यावर आहे का ते विचारावं. उघड्या मातीवरच्या तंबूत पाणी वरून कमी, खालून जास्त येतं.

पैसे गेलेच तर पहिला फोन १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, तोही लगेच. भामटा पैसे खात्यातून खात्यात फिरवतो, म्हणून पहिले काही तास मोलाचे. फोन लावताना हाताशी ठेवायचं: व्यवहाराचा १२ आकडी क्रमांक, तारीख-वेळ, रक्कम, ज्या यूपीआय आयडीवर पैसे गेले तो, व्हॉट्सॲप नंबर. नंतर सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या पोर्टलवर स्क्रीनशॉट चढवायचे. गप्पा पुसू नयेत आणि त्या नंबरला ब्लॉकही लगेच करू नये; आधी प्रोफाइलचे, रीलचे, क्यूआर कोडचे स्क्रीनशॉट घ्यावेत, कारण तक्रारीचा वास लागला की पान गायब होतं. बँकेलाही कळवावं, पण तीन दिवसांत कळवलं की बँक पैसे भरून देते या ऐकीव माहितीवर विसंबू नये. रिझर्व्ह बँकेचा २०१७ चा तो नियम खातेदाराने न केलेल्या व्यवहारांसाठी आहे. पिन स्वतः टाकलेला असतो तिथे तो लागू पडत नाही.

दुसऱ्या तऱ्हेत पोलीस बहुधा म्हणतात, हा ग्राहकाचा वाद आहे. म्हणण्यात तथ्य आहे. मग ग्राहक हेल्पलाइन १९१५. पुढे जायचं झालं तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगातही तक्रार करता येते, पुण्यालाच जावं लागत नाही, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. पुरावा म्हणून लागतात त्या लिहून घेतलेल्या अटी, पैसे दिल्याची नोंद आणि तिथे पोचल्यावर काढलेले फोटो: तंबू, पाण्याचं अंतर, ताटातलं जेवण. परतफेडीची मागणी आधी लेखी करावी, आठ दिवसांची मुदत देऊन. काही कॅम्पवाले याच टप्प्यावर निम्मे तरी देतात.

तक्रारीचं सोशल मीडियावर लिहिलंत तर एक-दोन दिवसांत कोणीतरी निरोप पाठवेल की ‘आम्ही सायबर सेलमधून बोलतोय, तुमचे पैसे होल्डवर आहेत, प्रोसेसिंग फी भरा.’ हेही त्याच टोळीतलं किंवा तिच्या शेजारचं. १९३० वर तक्रार नोंदवायला किंवा पैसे परत मिळवायला कसलीच फी लागत नाही.