जुनी ८०० घेताय? कार्ब्युरेटर की एमपीएफआय

जुनी मारुती ८०० घ्यायची ठरली की पुढचा प्रश्न येतोच: साधारण २००० साली एमपीएफआय (छोट्या संगणकाच्या हुकमाने इंजिनात पेट्रोल फवारणारी यंत्रणा) आली, त्याच्या आधीची, म्हणजे कार्ब्युरेटरची (हवेत पेट्रोल मिसळणारा साधा यांत्रिक भाग) घ्यायची की नंतरची? मी दोन्ही वापरल्यात. ७९६ सीसी, तीन सिलिंडर वगैरे तुम्हाला माहीत आहेच.

कार्ब्युरेटरवाल्या गाडीची बाजू लंगडी नाही. बॉनेट उघडलं की बिघाड बऱ्याचदा डोळ्यांना दिसतो. जेटमध्ये, म्हणजे पेट्रोलच्या बारीक छिद्रांत, कचरा आला तर खोलून साफ करता येतो, बॅटरी उतरली तर धक्का मारून गाडी चालू होते. एमपीएफआयच्या इंधनपंपाला आणि ईसीयूला (इंजिनच्या त्या संगणकाला) मात्र करंट हवाच. बॅटरी पार मेली असेल तर धक्का देणाऱ्यांचा घाम फुकट जातो. पंप टाकीच्या आत, तो गेला की टोचनच.

तरी माझं मन बदललं ते ‘स्लो’मुळे, म्हणजे पाय काढल्यावर इंजिन हळू चालू राहण्यामुळे. माझी गाडी बरीचशी उभीच असते. उभ्या गाडीत फ्लोट चेंबरमधलं (कार्ब्युरेटरच्या छोट्या वाटीतलं) पेट्रोल उडून जातं आणि मागे राहिलेला चिकटा बारीक जेटमध्ये बसतो. मग चोक ओढून कशीबशी चालू करायची, आणि सिग्नलला पाय काढला की बंद. मागचे हॉर्न वाजवतायत, आपण स्टार्टर मारतोय. मेकॅनिक कानाने स्लो लावून देतो, पण थोड्या दिवसांनी पुन्हा तेच. असे कानाचे पक्के मेकॅनिक आता राहिलेत किती? नवी पोरं आधी स्कॅनरचं सॉकेट शोधतात.

त्यात आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल. त्यामुळे मिश्रण पातळ पडतं, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडतं, आणि कार्ब्युरेटरचे जेट ठरलेल्या मापाचे, त्यांना हे कळणार कसं? एमपीएफआयचा ऑक्सिजन सेन्सर ते ओळखतो आणि ईसीयू काही मर्यादेपर्यंत इंधन वाढवून घेतो. इथेनॉलमुळे रबरी पाइपांची काळजी मात्र दोन्हीकडे सारखीच.

गाडी रोज चालणार असेल आणि हाताशी जुना मेकॅनिक असेल, तर कार्ब्युरेटरची खुशाल घ्या. नसेल तर, मला विचाराल तर, एमपीएफआय बघा. घेताना किल्ली ‘ऑन’ करून मागून पंपाची घुरघुर येते का ऐका. चेक इंजिनचा दिवा तेव्हा लागला पाहिजे आणि इंजिन चालू झाल्यावर विझला पाहिजे. मुळात लागतच नसेल, तर कुणीतरी बल्ब काढून ठेवलाय का तेवढं विचारा.